इमाम महदी कोण आहेत? शिया आणि सुन्नी ज्यांची वाट पाहतात त्या 'तारणहारा'बद्दल इस्लाममध्ये काय मान्यता आहेत?

पश्चिम आशियात युद्धाला तोंड फुटलं, मोठा भूकंप झाला किंवा ग्रहण लागलं की सोशल मीडियावर एक नाव हमखास फिरू लागतं - इमाम महदी.

'शेवटची निशाणी दिसली', 'महदी येणार', 'कयामत जवळ आली' असे मथळे असलेले रील्स लाखो लोकांपर्यंत पोहोचतात. काही श्रद्धेतून बनवलेले असतात, काही भीती घालून व्ह्यूज मिळवण्यासाठी, तर काही थेट एखाद्या समाजाबद्दल द्वेष पसरवण्यासाठी.

पण महदी म्हणजे नेमकं कोण? त्यांचा उल्लेख कुराणात आहे का? शिया आणि सुन्नी यांच्या मान्यतांमध्ये काय फरक आहे? 'मीच तो महदी' असा दावा आजवर कोणी केला आणि त्याचं पुढे काय झालं? आणि या सगळ्यात अहमदनगर, दाभोळ आणि बुलढाण्याचं नाव कुठून येतं?

जाणून घेऊया.

'महदी' या शब्दाचा अर्थ काय?

'महदी' हा अरबी शब्द आहे. 'ज्याला योग्य मार्ग दाखवला गेला आहे असा' हा त्याचा अर्थ. म्हणजे मूळ शब्दात 'तारणहार' किंवा 'योद्धा' असा अर्थ नाही.

इस्लामी मान्यतेनुसार जगाच्या अंताआधी एक असा काळ येईल, जेव्हा पृथ्वीवर अन्याय आणि जुलूम माजलेला असेल. त्या वेळी पैगंबर मोहम्मद यांच्या घराण्यातली एक व्यक्ती पुढे येईल आणि जगात न्याय प्रस्थापित करेल. हीच व्यक्ती म्हणजे महदी.

शेवटच्या काळात कोणीतरी येईल आणि सगळं सुरळीत करेल, ही कल्पना फक्त इस्लाममध्ये नाही. ज्यू धर्मात मसीहाची, ख्रिश्चन धर्मात येशूच्या पुनरागमनाची, पारशी धर्मात सोश्यांतची, बौद्ध परंपरेत मैत्रेयाची आणि हिंदू परंपरेत कल्की अवताराची कल्पना आहे. तपशील वेगळे आहेत, पण 'अन्यायाचा शेवट होईल' ही आशा सगळीकडे सारखी आहे.

कुराणात महदींचा उल्लेख आहे का?

कुराणात कयामतीचं वर्णन अनेक ठिकाणी आहे, पण 'महदी' नावाच्या येणाऱ्या व्यक्तीचा थेट उल्लेख नाही.

ही मान्यता मुख्यतः हदीसमधून आली आहे. पैगंबरांची वचनं आणि कृती यांच्याबद्दलच्या नोंदींना हदीस म्हणतात. सुन्नी परंपरेतल्या अबू दाऊद, तिरमिजी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांमध्ये महदींबद्दलच्या हदीस आहेत. मात्र, सुन्नी परंपरेत सर्वात विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या बुखारी आणि मुस्लीम या दोन संग्रहांमध्ये महदी हे नाव घेऊन केलेलं वर्णन सापडत नाही.

त्यामुळे या हदीसवर मुस्लीम विद्वानांमध्ये शेकडो वर्षांपासून चर्चा होत आली आहे. चौदाव्या शतकातले प्रसिद्ध इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात महदींबद्दलच्या हदीस एकेक करून तपासल्या आणि त्यातल्या बहुतेकांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उपस्थित केले. दुसरीकडे, या हदीस इतक्या वेगवेगळ्या साखळ्यांमधून आल्या आहेत की मूळ मान्यता नाकारता येत नाही, असं मानणारे विद्वानही मोठ्या संख्येने आहेत.

सुन्नी मुस्लिमांची मान्यता काय आहे?

सुन्नी परंपरेनुसार महदी हे अजून जन्माला यायचे आहेत. ते पैगंबरांची मुलगी फातिमा यांच्या वंशातले असतील. त्यांचं नाव मोहम्मद आणि वडिलांचं नाव अब्दुल्लाह असेल, म्हणजे पैगंबरांचं आणि त्यांच्या वडिलांचं जे नाव होतं तेच.

ते स्वतःहून सत्ता मागणार नाहीत. मक्केत काबाजवळ लोक त्यांच्या हातावर निष्ठेची शपथ घेतील, असं वर्णन आहे. ते सात वर्षं राज्य करतील, असं काही हदीसमध्ये सांगितलं आहे.

याच काळात 'दज्जाल' नावाचा मोठा फसवणूक करणारा पुढे येईल, अशी मान्यता आहे. तो एका डोळ्याने आंधळा असेल आणि चमत्कार दाखवून लोकांना भुलवेल.

मग हजरत ईसा, म्हणजेच येशू, आकाशातून दमास्कसमध्ये एका पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील आणि 'लुद' या ठिकाणी दज्जालला ठार करतील. हे लुद म्हणजे आजच्या इस्रायलमधलं लोद शहर असं मानलं जातं. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या एका मिनाराला आजही 'ईसा मिनार' म्हटलं जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इस्लाममध्ये ईसा हे ईश्वराचे पुत्र नाहीत, तर पैगंबर आहेत. महदी मात्र पैगंबर नाहीत. मोहम्मद हे शेवटचे पैगंबर, ही इस्लामची मूळ श्रद्धा आहे. त्यामुळे महदी नवा धर्म किंवा नवा ग्रंथ आणणार नाहीत, असं मानलं जातं.

शिया मुस्लिमांसाठी महदी कोण?

शियांमधला सर्वात मोठा गट 'बारा इमामी' म्हणून ओळखला जातो. इराण, इराक आणि भारतातल्या लखनौसारख्या शहरांमधले बहुसंख्य शिया या गटात येतात. त्यांच्यासाठी महदी ही भविष्यात जन्माला येणारी व्यक्ती नाही. ते जन्मले आहेत, जिवंत आहेत, पण नजरेआड आहेत.

या मान्यतेनुसार बारावे इमाम मोहम्मद यांचा जन्म सन 869 मध्ये आजच्या इराकमधल्या समारा इथे झाला. त्यांचे वडील, अकरावे इमाम हसन अल-अस्करी यांचं 874 मध्ये निधन झालं. त्या काळात अब्बासी खलिफांची इमामांवर कडक नजर होती. लहानग्या इमामांना लोकांच्या नजरेपासून दूर ठेवण्यात आलं. या नजरेआड होण्याला 'गैबत' म्हणतात.

874 ते 941 या काळात इमाम चार प्रतिनिधींमार्फत अनुयायांच्या संपर्कात होते, असं शिया मानतात. ही 'छोटी गैबत'. 941 मध्ये चौथ्या प्रतिनिधीचं निधन झालं आणि 'मोठी गैबत' सुरू झाली. ती आजही सुरू आहे.

शाबान महिन्याच्या 15 तारखेला शिया त्यांचा जन्मदिवस साजरा करतात. सुन्नी मुस्लीम जी रात्र शब-ए-बारात म्हणून पाळतात, तीच ही रात्र. भारतीय उपखंडातले अनेक शिया या दिवशी इमामांच्या नावे 'अरीजा', म्हणजे आपली गाऱ्हाणी आणि मागण्या लिहिलेली चिठ्ठी, नदीत, तलावात किंवा समुद्रात सोडतात.

ही श्रद्धा इराणच्या राज्यघटनेतही आहे. 1979 च्या क्रांतीनंतर तयार झालेल्या या घटनेच्या पाचव्या कलमानुसार, बारावे इमाम गैबतमध्ये असेपर्यंत देशाचं नेतृत्व न्यायी धर्मशास्त्रज्ञाकडे असेल. इराणच्या सर्वोच्च नेत्याच्या अधिकाराचा धार्मिक आधार हाच आहे.

बोहरा आणि खोजा समाजात काय मानलं जातं?

मुंबईकरांना परिचित असलेले दाऊदी बोहरा हे शियाच, पण इस्माइली शाखेतले. त्यांच्या मान्यतेनुसार एकविसावे इमाम तय्यब बाराव्या शतकात पडद्याआड गेले आणि इमामांचा वंश तेव्हापासून गुप्तपणे सुरू आहे. त्यांच्या वतीने समाजाचं नेतृत्व 'दाई' करतात. मुंबईत मुख्यालय असलेले सय्यदना हे तेच पद.

आगा खान यांना मानणारे निजारी इस्माइली, म्हणजे खोजा समाजाचा मोठा भाग, मात्र इमाम गुप्त आहेत असं मानत नाही. त्यांचे इमाम लोकांसमोर हजर असतात. फेब्रुवारी 2025 पासून प्रिन्स रहीम आगा खान हे त्यांचे 50 वे इमाम आहेत.

म्हणजे 'मुस्लीम असं मानतात' या एका वाक्यात बसवता येईल इतका हा विषय सोपा नाही.

'मीच महदी' असा दावा कोणी कोणी केला?

महदी या कल्पनेचा राजकीय वापर इस्लामच्या पहिल्या शतकातच सुरू झाला. 680 मध्ये करबलात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. त्यानंतर 685 मध्ये कुफा शहरात मुख्तार यांनी बंड केलं. हजरत अली यांचे दुसरे एक पुत्र मोहम्मद इब्न अल-हनफिया हे महदी आहेत, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

पुढे अब्बासी घराण्याने खोरासानमधून काळे झेंडे घेऊन उठाव केला आणि 750 मध्ये सत्ता मिळवली. त्यांच्या तिसऱ्या खलिफाने 'अल-महदी' हीच पदवी घेतली. 909 मध्ये उत्तर आफ्रिकेत फातिमी राज्य स्थापन करणारे अब्दुल्लाह यांनीही हेच नाव घेतलं. मोरोक्कोत 1121 च्या सुमारास इब्न तुमर्त यांनी महदी असल्याचा दावा केला आणि त्यातून अल्मोहाद साम्राज्य उभं राहिलं.

इराणमध्ये 1844 साली, म्हणजे हिजरी 1260 मध्ये, शिराजच्या सय्यद अली मोहम्मद यांनी 'बाब' म्हणून दावा केला. बारावे इमाम नजरेआड झाल्याला तेव्हा बरोबर एक हजार चांद्र वर्षं होत होती. 1850 मध्ये त्यांना तबरीझमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या चळवळीतूनच पुढे बहाई धर्म जन्माला आला.

सुदानमध्ये 1881 साली मोहम्मद अहमद यांनी स्वतःला महदी घोषित केलं. इजिप्तच्या राजवटीच्या करांनी आणि जुलमाने त्रासलेले लोक त्यांच्या मागे उभे राहिले. जानेवारी 1885 मध्ये त्यांनी खार्तूम जिंकलं. ब्रिटिश जनरल चार्ल्स गॉर्डन त्यात मारले गेले. काही महिन्यांतच महदींचंही निधन झालं, पण त्यांचं राज्य 1898 पर्यंत टिकलं. ओमदुरमानच्या लढाईत ब्रिटिशांच्या मशीनगनपुढे एका सकाळीत त्यांचे सुमारे दहा हजार सैनिक मारले गेले.

याच मोहम्मद अहमद यांचे पणतू सादिक अल-महदी पुढे दोनदा सुदानचे पंतप्रधान झाले.

अविभाजित पंजाबमधल्या कादियान इथे मिर्झा गुलाम अहमद यांनी 1889 मध्ये अहमदिया चळवळ सुरू केली. ज्यांची वाट पाहिली जाते ते मसीहा आणि महदी एकच असून ते आपणच आहोत, असा त्यांचा दावा होता. 1894 च्या रमजानमध्ये चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण दोन्ही झाली, ती अहमदिया लोक या दाव्याची निशाणी मानतात. बहुसंख्य मुस्लीम उलेमांना हा दावा मान्य नाही. पाकिस्तानने 1974 मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लीम ठरवलं.

महाराष्ट्राशी काय संबंध?

उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये 1443 साली जन्मलेले सय्यद मोहम्मद जौनपुरी हे भारतातले सर्वात प्रसिद्ध महदी दावेदार. ते दख्खनमधून फिरत दाभोळ बंदरावर आले आणि तिथून जहाजाने मक्केला गेले. हिजरी 901 मध्ये, म्हणजे 1495-96 च्या सुमारास, त्यांनी मक्केत महदी असल्याचं जाहीर केलं. परत आल्यावर गुजरातमध्ये त्यांनी पुन्हा तोच दावा केला. 1505 मध्ये आजच्या अफगाणिस्तानातल्या फराह इथे त्यांचं निधन झालं.

त्यांच्या अनुयायांना महदवी म्हणतात. संपत्तीचा मोह सोडणं, ईश्वराचं सतत स्मरण आणि 'दायरा' नावाच्या वस्त्यांमध्ये जे मिळेल ते वाटून घेऊन राहणं, यावर त्यांचा भर होता. बाकीचे मुस्लीम ज्यांची वाट पाहतात ते महदी येऊन गेले, असं महदवी मानतात.

अहमदनगरच्या निजामशाहीत या पंथाला काही काळ थेट सत्ता मिळाली. 1589 मध्ये इस्माईल निजामशहा हा लहान मुलगा गादीवर बसला. खरी सत्ता होती जमाल खान या सरदाराच्या हातात आणि तो महदवी होता. निजामशाहीत तोपर्यंत शिया पंथाला राजाश्रय होता. तो काढून जमाल खानाने महदवी पंथाला दिला.

हिजरी सनाची एक हजार वर्षं पूर्ण होण्याचा हा काळ होता. सहस्रकाच्या शेवटी काहीतरी मोठं घडणार, ही भावना मुघल दरबारापासून दख्खनपर्यंत होती.

1591 मध्ये इस्माईलचे वडील बुऱ्हाण यांनी खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने चाल केली. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडजवळ लढाई झाली. जमाल खान मारला गेला, बुऱ्हाण निजामशहा गादीवर आले आणि महदवींची सत्ता अवघ्या दोन वर्षांत संपली.

महदवी समाज मात्र टिकून राहिला. हैदराबादच्या चंचलगुडा भागात त्यांची मोठी वस्ती आहे. पालनपूरचे नवाब आणि हैदराबादचे नेते बहादूर यार जंग हे महदवी होते.

1979 मध्ये मक्केत काय घडलं होतं?

20 नोव्हेंबर 1979. हिजरी सन 1400 चा पहिला दिवस. मक्केच्या मुख्य मशिदीत पहाटेची नमाज संपत असताना शेकडो शस्त्रधारी लोकांनी मशीद ताब्यात घेतली. त्यांचा नेता होता जुहैमान अल-ओतैबी, सौदी नॅशनल गार्डचा माजी सैनिक.

त्याने आपला मेव्हणा मोहम्मद अब्दुल्लाह अल-कहतानी हा महदी असल्याचं जाहीर केलं. नाव जुळत होतं, वडिलांचं नाव जुळत होतं, काबाचं ठिकाण जुळत होतं, नव्या शतकाचा मुहूर्तही जुळत होता.

काबाच्या परिसरात शस्त्र चालवणं इस्लाममध्ये निषिद्ध मानलं जातं. त्यामुळे कारवाईसाठी सौदी सरकारला आधी उलेमांकडून फतवा घ्यावा लागला. वेढा दोन आठवडे चालला. महदींना मरण येणार नाही, अशी अनुयायांची खात्री होती, पण कहतानी वेढ्यातच मारला गेला. सरकारी आकड्यांनुसार सुरक्षा दलांचे 127 जण ठार झाले. 9 जानेवारी 1980 रोजी जुहैमानसह 63 जणांचा शिरच्छेद करण्यात आला.

आजच्या सोशल मीडिया युजर्सनी लक्षात ठेवावा असा भाग पुढे आहे.

मशिदीवर नेमका कोणी हल्ला केला, हे सौदी सरकारने लगेच सांगितलं नाही. त्या शांततेत अफवा पसरली की यामागे अमेरिका आणि इस्रायल आहेत. इराणचे आयातुल्लाह खोमेनी यांनीही तसाच संशय रेडिओवरून व्यक्त केला. दुसऱ्याच दिवशी इस्लामाबादमध्ये जमावाने अमेरिकेचा दूतावास पेटवला. त्यात दोन अमेरिकन आणि दूतावासातले दोन पाकिस्तानी कर्मचारी मरण पावले.

तेव्हा ना स्मार्टफोन होता, ना फॉरवर्ड. तरीही एका चुकीच्या बातमीला हजारो किलोमीटर अंतर कापून माणसं मारायला एक दिवस पुरला.

आजही किती लोक वाट पाहत आहेत?

प्यू रिसर्च सेंटरने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 23 देशांतल्या मुस्लिमांना हा प्रश्न विचारला होता. त्यापैकी नऊ देशांत निम्मे किंवा त्याहून जास्त लोकांनी महदी आपल्या हयातीत येतील असं सांगितलं. अफगाणिस्तानात हे प्रमाण 83 टक्के, तर इराकमध्ये 72 टक्के होतं.

हे दोन्ही देश त्या वेळी युद्धाने पोळलेले होते. संकट जितकं मोठं, तितकी सुटकेची ओढ मोठी, असं या विषयाच्या अभ्यासात वारंवार दिसतं.

याच ओढीचा फायदा कट्टरतावादी संघटना घेतात. तथाकथित इस्लामिक स्टेटने आपल्या मासिकाचं नाव 'दाबिक' ठेवलं होतं. शेवटच्या काळातली मोठी लढाई ज्या परिसरात होईल असं एका हदीसमध्ये म्हटलं आहे, त्या सीरियातल्या गावाचं हे नाव. तरुणांना 'त्या लढाईत सामील व्हा' असं आवाहन केलं जात होतं. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी हे गाव गमावलं. जगाचा शेवट झाला नाही. मासिक तर त्याआधीच बंद पडलं होतं.

'निशाणी'चा व्हीडिओ आला तर काय पाहायचं?

पहिली गोष्ट, तारीख. कयामत कधी येईल याचं ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे, असं कुराणात स्पष्ट म्हटलं आहे. शिया परंपरेत तर महदींच्या येण्याची वेळ ठरवून सांगणाऱ्यांना खोटं मानण्याची शिकवण आहे. त्यामुळे अमुक वर्षी महदी येणार असं सांगणारा व्हीडिओ त्या परंपरेच्याही विरोधात जातो.

दुसरी गोष्ट, निशाण्या. युद्ध, भूकंप, दुष्काळ, नीतीचा ऱ्हास, काळे झेंडे ही वर्णनं इतकी व्यापक आहेत की आठव्या शतकापासून प्रत्येक पिढीला ती आपल्याच काळाची वाटली आहेत.

तिसरी गोष्ट, 'सगळे मुस्लीम असंच मानतात' हा दावा. सुन्नी, बारा इमामी शिया, बोहरा, खोजा, महदवी आणि अहमदिया यांची उत्तरं एकमेकांपेक्षा वेगळी आहेत. महदींची वाट पाहणं म्हणजे युद्धाची तयारी करणं, असाही याचा अर्थ नाही. बहुतेक श्रद्धाळूंसाठी ही वाट पाहणं म्हणजे प्रार्थना आणि आपलं वागणं सुधारणं आहे.

आणि शेवटची गोष्ट, पैसे. महदींच्या नावाने कोणी वर्गणी, सदस्यत्व किंवा गुप्त ग्रुपमध्ये यायचं आमंत्रण देत असेल, तर तिथेच थांबा. सुन्नी परंपरेतल्या वर्णनानुसार महदी स्वतःहून लोकांकडे सत्ता मागायला जाणार नाहीत. क्यूआर कोड पाठवणं तर फार लांबची गोष्ट.